भाऊसाहेबांचा चार्ज

क्लाउडवर मी आयुष्यातला पहिला सर्व्हर सुरू करणार, तर वाघमारे भाऊसाहेबांनी त्याआधी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. कागदावर, निळ्या शाईनं, 'विषय' आणि 'संदर्भ' यांच्यासकट. संदर्भात काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाले, "आपलं कालचं तोंडी बोलणं लिहा. तोंडी बोलण्याचा एवढाच उपयोग असतो." मी त्यांच्या ओट्यावर उन्हात उभी होते आणि हातातल्या लॅपटॉपवर ते काम दोन मिनिटांत होणार होतं. अर्जाला पाऊण तास लागला, कारण पहिल्या अर्जात मी समास सोडला नव्हता.

भाऊसाहेब आमच्या कॉलनीचे सचिव. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. आमच्याकडं कचेरीतल्या माणसाला भाऊसाहेब म्हणतात आणि एकदा म्हटलं की तो निवृत्त झाला तरी भाऊसाहेबच राहतो. बारीक अंगकाठी, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत फाइल. सकाळी फिरायला निघाले तरी फाइल. एकदा मी न राहवून म्हटलं, "भाऊसाहेब, फिरायला जाताना कशाला हो ही?" तर म्हणाले, "रस्त्यात कुणी तक्रार सांगितली तर लिहून घ्यायला नको?" आता अशा माणसाशी काय बोलणार! मी "जयभीम भाऊसाहेब" म्हणून पुढं निघाले, ते "जयभीम, जयभीम" म्हणत त्यांच्या वाटेनं गेले.

आमची कॉलनी पैठण रोडला, शहर संपतं तिथं. कॉलनीची स्वतःची बोअर, स्वतःची टाकी, चार गल्ल्या आणि चार वाल. युसूफभाई वाल फिरवायचे. एका गल्लीला पाऊण तास पाणी, मग दुसरीला. पण टाकी भरायची कधी ते मोटरवर अवलंबून, आणि मोटरचं काही खरं नव्हतं. सोमवारी सकाळी आठला आलेलं पाणी पुढच्या वेळी दुपारी दोनला यायचं. घरी कुणी नसलं की हौद कोरडा. चिकलठाण्याला कंपनीत जाणाऱ्या बायका पाण्यासाठी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकायच्या, आणि हमखास त्या दिवशी पाणी संध्याकाळी यायचं. व्हॉट्सॲपचा ग्रुप होता, नाही असं नाही. पण तिथं गुलाबाची फुलं आणि वाढदिवसाचे केक यांच्याखाली पाण्याचा निरोप असा गाडला जायचा की तो सापडेपर्यंत पाणी जायचं.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं की एक साधं ॲप करून देते. युसूफभाईंनी वाल उघडला की बटण दाबायचं, फक्त त्या गल्लीतले फोन वाजतील. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. ॲपचा जो भाग लोकांना फोनवर दिसतो तो बनवणं हे माझं रोजचं काम. सर्व्हरचं आमच्याकडं दुसरे लोक बघतात, ते मी कधी केलं नव्हतं. पण इंटरनेटवर शिकवणारे ढीगभर व्हिडिओ आहेत, दोन दिवसांत शिकू, असा माझा हिशेब. दहा मिनिटांत भाऊसाहेब दारात हजर. "गव्हाणेबाई, कल्पना चांगली आहे. अर्ज?"

त्यांना क्लाउड समजावून सांगताना माझा घसा सुकला. म्हटलं, "भाऊसाहेब, ॲप चालवायला कायम चालू राहणारा एक कम्प्युटर लागतो. माझ्या घरचा तसा ठेवता येत नाही, लाइट गेली की संपलं. मोठ्या कंपन्यांच्या इमारती असतात, त्यात हजारो कम्प्युटर. त्यातली थोडी जागा आपण वापरायला घ्यायची. आपलं सामान तिथं राहणार, आपण इथून ते चालवणार." ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे दफ्तरखाना. दफ्तर आपलं, खोली त्यांची."

"हो, तसंच!" मला बरं वाटलं.

"किल्ली कुणाकडं?"

"म्हणजे पासवर्ड ना? माझ्याकडं राहील."

"आपल्याकडं का? आपण भाडेकरू आहात. उद्या घर सोडून गेलात तर चारशे माणसांचं पाणी बरोबर घेऊन जाणार का?"

मला असा राग आला म्हणता! फुकटात काम करून द्यायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं. पण खातं कॉलनीच्या नावानं, त्यांच्या फोन नंबरवर उघडायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं. मग नोंदणी करताना शेवटी ती लांबलचक नियमावली आली. जगात कुणी ती वाचत नाही, सगळे खाली 'मान्य आहे'वर बोट ठेवून मोकळे होतात. भाऊसाहेबांनी ती छापून आणली. इंग्रजी शब्दकोश घेऊन बसले आणि तीन दिवस वाचत राहिले. मध्ये मध्ये मला फोन. "बाई, पान नऊ. इथं म्हणतात की सामान हरवलं तर जबाबदारी आपली. मग नक्कल कुठं ठेवायची त्याचं काय ठरलं?" मी कपाळाला हात लावला. पण नक्कल कुठं ठेवायची ते ठरलेलं नव्हतं हे खरंच होतं, म्हणून एक संध्याकाळ बसून तेही शिकले.

पुढं प्रश्न आला की हा दफ्तरखाना कोणत्या शहरातला निवडायचा. यादी आली. मी मुंबईवर बोट ठेवणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात हवेतच थांबवला. "हैदराबाद दिसतंय ना त्यात? हैदराबाद घ्या."

"का हो?"

"मराठवाड्याचे जुने कागद हैदराबादलाच असायचे. निजामाच्या वेळचे. मी स्वतः तीनदा जाऊन नकला आणल्यात. कागद नीट सांभाळतात ते लोक."

मी सांगून पाहिलं की या कंपनीचा आणि निजामाचा काही संबंध नाही. उपयोग झाला नाही. आमच्या कॉलनीच्या पाण्याची नोंद आजही हैदराबादला होते, ती या कारणानं.

खरा छळ त्याच्यापुढं सुरू झाला. अशा खात्यात एक मालक असतो, त्याला सगळं करता येतं, सगळं मोडताही येतं. माझा विचार असा, की तोच पासवर्ड घ्यावा आणि सरळ कामाला लागावं. भाऊसाहेबांनी कुठंतरी वाचलं की मालकाचं खातं रोजच्या कामाला वापरू नये, कामापुरते अधिकार देऊन दुसऱ्यांची खाती करावीत. झालं! त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. माझं खातं निघालं आणि त्यात अधिकार किती, तर बघण्याचा. बघण्याचाच! सर्व्हर सुरू करायचा, अर्ज. डेटाबेस घ्यायचा, अर्ज. सर्व्हर बंद करून परत चालू करायचा, त्याला वेगळा अर्ज, कारण पहिल्या अर्जात 'सुरू करणे' एवढंच होतं, 'बंद करणे' नव्हतं. आणि प्रत्येक अधिकाराला मुदत, तीन महिन्यांची. तीन महिन्यांनी नूतनीकरण. ही मुदत पडद्यावर कशी घालायची ते त्यांना येत नव्हतं, आणि ते शोधून शिकवलं कुणी? मी! मला बांधायची दोरी मीच वळून दिली.

एकदा वैतागून मी अर्जात लिहिलं, 'आपल्या या कारभारामुळं माझ्या डोक्याचा भुगा झाला असून डेटाबेसला एक रकाना वाढवण्याची परवानगी मिळावी ही नम्र विनंती.' कागद दुसऱ्या दिवशी परत आला. कोपऱ्यात लाल शाईनं शेरा: 'मंजूर. भाषा सौम्य असावी.'

युसूफभाईंनाही सुटका नव्हती. बटण दाबायचा अधिकार त्यांना पाहिजे, म्हणून त्यांचाही अर्ज. ते ओट्यावर येऊन हात जोडून उभे. "भाऊसाब, मैं वाल खोलूं के दरखास लिखूं? दोनो काम मेरे से नै होते. मेरेकू एकच बोलो." भाऊसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, स्वतःच्या हातानं त्यांचा अर्ज लिहिला, वाचून दाखवला, सही घेतली आणि मग पलीकडच्या खुर्चीत बसून स्वतःच मंजूर केला. मी हसत सुटले. ते मात्र गंभीर. "हसू नका. उद्या कुणी म्हणालं, युसूफनं परस्पर बटण दाबलं, तर तो काय दाखवणार?"

त्या दिवशी मी बोलायचं ते बोलून टाकलं. "भाऊसाहेब, ही कचेरी नाही. तुमची कचेरी सुटली. आम्ही सगळी शेजारची माणसं आहोत, एकमेकांवर थोडा तरी विश्वास ठेवा." ते रागावले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. मग कचेरीची भाषा बाजूला ठेवून, आमच्या पाचोडकडं बोलतात तसं बोलले.

"माझ्या बापाला गावात राह्यला जागा दिली व्हती. तोंडी. बावीस वर्षं ऱ्हायलो तिथं. मालक गेला, त्याचा पोरगा आला, म्हणला उठा. तेबी तोंडी. बाप कचेरीत गेला, मी संगं व्हतो. तिथला कारकून म्हणला, कागद काय हाये तुझ्याकडं? बापाकडं काय असणार! बाई, मला त्या कारकुनाचा राग नाय आला. मला त्याची खुर्ची पाह्यजे वाटली."

त्या दिवशीचा अर्ज मी मुकाट्यानं लिहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो 'मोघम आहे' म्हणून परत केला, आणि मी पुन्हा पहिल्यासारखी भडकले.

त्यांचं बरोबर असायचं, हा त्यातला सगळ्यात मोठा ताप. रोज सकाळी नऊला चहा घेताना ते आमच्या खात्यात काय काय चालू आहे त्याची यादी छापून एकेका ओळीवर टिचकी मारायचे. एकदा मला फोन. "अनुक्रमांक सात. हे 'एनीव्हेअर' म्हणजे काय?" मी अंथरुणातच होते. म्हटलं, "म्हणजे कुठूनही आत येता येतं." "कोण येतं?" "कुणीही." बोलता बोलता माझीच झोप उडाली. जिथं सगळ्यांची नावं, घर नंबर आणि फोन नंबर ठेवले होते, ती जागा मी तपासणीसाठी म्हणून साऱ्या जगाला उघडी केली होती आणि बंद करायची विसरले होते. भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले, "बाई, आपल्या लेकीबाळींचे नंबर आहेत त्यात." मी धावत जाऊन बंद केलं. संध्याकाळी त्यांनी मला कागद आणून दिला, 'खुलासा सादर करणेबाबत.' मी खाली लिहिलं, 'डोकं ठिकाणावर नव्हतं.' तोही त्यांनी फाइलला लावला.

शेवटी ॲप सुरू झालं. चार नंबरच्या गल्लीचा वाल युसूफभाईंनी उघडला, बटण दाबलं आणि अख्ख्या गल्लीतले फोन एकदम वाजले. बायका दाराबाहेर येऊन एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. युसूफभाई टाकीवरून ओरडले, "क्या बज्या रे बाबा!" त्या दिवसापासून कुणी पाण्यासाठी सुट्टी टाकली नाही. कुणाचं पाणी शेजारीण भरून ठेवायची, कुणी कंपनीतून सासूला फोन करायचं, पण चुकायचं नाही. लोक मला दुवा द्यायचे, भाऊसाहेबांना कुणी काही म्हणायचं नाही, आणि ते बघून मला आतून जरा बरंही वाटायचं. खोटं कशाला सांगू?

एक गोष्ट मला खुपत होती. मालकाच्या खात्यात शिरायचं तर पासवर्ड आणि त्यावर भाऊसाहेबांच्या फोनवर दर वेळी नवा उमटणारा आकडा, दोन्ही लागायचं. दोन्ही एकाच माणसाकडं. माझे अधिकार दर तीन महिन्यांनी संपणार आणि ते वाढवणार फक्त हेच. मी एकदा स्पष्ट म्हटलं, "भाऊसाहेब, उद्या तुम्हाला काही झालं तर? कुणालाच आत जाता येणार नाही. ॲप बंद पडलं की पुन्हा सगळ्यांचे हाल." ते म्हणाले, "रीतसर व्यवस्था करूनच जाईन."

"कधी करणार?"

"जायच्या वेळी. खुर्चीवर बसलेल्या माणसानं खुर्ची वाटत फिरायचं नसतं."

यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. आठ दिवस मी त्यांच्या ओट्यासमोरून न बोलता गेले. नवव्या दिवशी ते दारात. त्यांच्या फोनचा चार्जर बिघडला होता, माझा मागायला आले होते. मी दिला. बोलले नाही फारसं. चार्जर घेऊन ते जिन्यानं खाली उतरताना मध्येच थांबले, कठड्याला धरून उभे राहिले, मग पुढं गेले. मी ते पाहिलं आणि दार लावून घेतलं.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांचा फोन आला. मी कंपनीच्या मीटिंगमध्ये, कानात एका बाजूला पुण्याचा साहेब बोलतोय. भाऊसाहेब म्हणाले, "गव्हाणेबाई, चार्ज घ्यायला या. आज आलात तर बरं होईल." त्यांनी 'चार्ज' म्हटलं. मी 'चार्जर' ऐकलं. डोक्यात तेच होतं ना, की ह्यांच्याकडं माझा चार्जर आहे. म्हटलं, एवढ्याशा वस्तूसाठी हा माणूस भर कामात मला बोलावतो!

"राहू द्या हो तुमच्याकडंच," मी म्हटलं. "मला काही घाई नाही."

ते म्हणाले, "आपल्याला नसेल. मला आहे."

"भाऊसाहेब, मी मीटिंगमध्ये आहे. मला नकोय तो. ठेवा तुम्हीच."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी माझं म्हणणं लगेच ऐकलं, आणि मला त्याचंही काही वाटलं नाही.

शुक्रवारी सकाळी युसूफभाई माझ्या दारात उभे. बटण दाबायचा फोन हातात तसाच. "मॅडम, भाऊसाब गये." मला समजेना. गये म्हणजे कुठं गये? तर मंगळवारी दुपारीच ते दवाखान्यात भरती झाले होते. हृदयाची मोठी शस्त्रक्रिया. बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. ऑपरेशन झालं, पण ते शुद्धीवर आलेच नाहीत.

अंत्यविधीला अख्खी कॉलनी होती. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही मी गेले. त्यांच्या बायकोजवळ, काकूंजवळ जाऊन बसले, तर त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. एरवी मला बघून "ये गं बाई, च्या घे" म्हणणाऱ्या काकू! मला वाटलं, दुःखात आहेत. चहा न घेता परत आले.

तीस तारखेला महिना संपला आणि माझ्या अधिकाराची मुदतही संपली. तिसऱ्या दिवशी सर्व्हरची जागा भरली आणि तो बसला. परत चालू करायला गेले तर पडद्यावर उत्तर, तुम्हाला हा अधिकार नाही. अर्ज करायला सांगायचे ना भाऊसाहेब? आता कुणाकडं करू अर्ज? मी त्या पडद्यासमोर बसून भाऊसाहेबांना नाही नाही ते बोलले. मेलेल्या माणसाला कुणी इतकं बोलू नये. युसूफभाई बिचारे लोखंडी गज घेऊन दारोदार वाजवत फिरायला लागले. साठीचा माणूस, वाल उघडायचा, गल्लीभर चालायचं, परत येऊन दुसरा वाल. दोन दिवसांत त्यांचे गुडघे सुजले. बायका पुन्हा सुट्ट्या टाकायला लागल्या, आणि ज्यांना जमलं नाही त्यांचे हौद कोरडे राहिले.

नवीन खातं काढून सगळं पुन्हा उभं करता आलं असतं, पण सगळ्यांची नावं, नंबर, गल्ल्या, सगळं, नकलेसकट, त्या हैदराबादच्या दफ्तरात अडकलेलं. पाचव्या दिवशी मी काकूंकडं गेले. म्हटलं, "काकू, भाऊसाहेबांचा फोन जरा बघायला मिळेल का? ॲप बंद पडलंय."

काकू पोळपाटावरनं हात काढून माझ्याकडं बघत राहिल्या. "आता कशाला? तुला नको व्हता ना चार्ज?"

"कोणता चार्ज?"

"मंगळवारी त्यांनी तुला फोन नाय केला? चार्ज घ्यायला या म्हून? तू म्हणलीस, राहू द्या तुमच्याकडंच, मला नको. मी हितंच बसले व्हते, बॅग भरत. दवाखान्यात जाईपर्यंत तेच. बाईंनी चार्ज नाकारला. एवढी वर्षं नोकरी केली, कुणी कधी नाकारला नव्हता. गाडीत बसल्यावरबी तेच."

मी तिथंच फरशीवर बसले. काकूंना सांगितलं की मी चार्जर ऐकलं, चार्जर, फोनचा. त्यांना आधी समजेना. समजलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या, आणि मीही.

पण मला रागही आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. दवाखान्यात चाललोय, छाती दुखते, भीती वाटते, जरा येऊन बसा, एवढं म्हणायला काय झालं होतं त्यांना? मी मीटिंग टाकून धावत गेले असते. अनवाणी गेले असते. पण नाही! साऱ्या जगाला मोघम लिहू नका म्हणणारा माणूस, आणि स्वतःच्या जीवावर बेतलं तेव्हा तोंडातून निघालं काय, तर 'चार्ज घ्यायला या.' आणि मी तरी काय, दोन मिनिटं मीटिंग थांबवून 'काय म्हणालात भाऊसाहेब?' एवढं विचारायला मला काय झालं होतं?

काकूंनी कपाटातून एक लिफाफा काढला. आत दोन कागद, एकाचीच दुसरी प्रत. वर टाइप केलेलं, 'कार्यभार हस्तांतरण यादी.' एक, मुख्य खात्याचा पासवर्ड, बंद पाकिटात. दोन, आकडा येणारा फोन, कपाटात, वरच्या कप्प्यात. तीन, फोन हरवल्यास वापरायचे राखीव आकडे. चार, नकला कुठं ठेवतो आणि कधी तपासतो. पाच, गव्हाणेबाईंचे अधिकार, पूर्ण करणे, मुदत काढून टाकणे. अशी चौदा कलमं. एकही मोघम नव्हतं. खाली डावीकडं 'चार्ज देणार' आणि त्यांची ती वळणदार सही, मंगळवारची तारीख. उजवीकडं 'चार्ज घेणार', पुढं रिकामी जागा. दोन्ही प्रतींवर तसंच.

मी पाकिटाला हात घातला, तर काकूंनी ते मागं ओढलं. "आदी सही. ते सांगून गेलेत. आली तर सही घेतल्याबिगर काय देऊ नको." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "अन् आजचीच तारीख टाक. मागली टाकलेली त्यांना चालायची नाय." माझ्या मनात तेच आलं होतं, मंगळवारची टाकावी. मी दोन्हीकडं सही केली आणि आजची तारीख टाकली. दोन तारखांमध्ये चौदा दिवसांचं अंतर पडलं. ते कागदावर आता कायमचं दिसत राहणार.

मग काकूंनी फोन दिला, पाकीट दिलं. मी तिथंच पोळपाटाशेजारी लॅपटॉप उघडला. खात्यात शिरले, माझे अधिकार पूर्ण केले, सर्व्हरची जागा वाढवली, चालू केला. अर्धा तास लागला. युसूफभाईंना फोन करून म्हटलं, बटण दाबून बघा. थोड्या वेळानं खिडकीबाहेर गल्लीतले फोन वाजले. एका घरात, मग दुसऱ्या, मग सगळीकडं. कुणीतरी बादल्या ओढायला लागलं.

काकू अजून त्यांची प्रत हातात धरून बसल्या होत्या. त्यांना फारसं वाचता येत नाही, पण त्या सह्यांवरून बोट फिरवत होत्या. म्हणाल्या, "आमच्या लई बदल्या झाल्या गं. बदली झाली की मी भांडीकुंडी बांधून बसायची, टेंपो दारात उभा. पण पुढच्या माणसानं चार्ज घेतल्याबिगर हे गाव सोडायचे नाय. मी विचारायची, आवो, निघायचं का? तर म्हणायचे, थांब, अजून कार्यमुक्त नाय झालो."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि माझ्याकडं बघितलं. "मंग आता झाले ना गं ते कार्यमुक्त?"

मी म्हटलं, "हो काकू. झाले."